खालच्या आळीचा अर्धा तास

गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. आई "थोरल्या" म्हणते, बायको "अहो" म्हणते आणि बाकी सगळा गाव "वायरमन" म्हणतो. एकदा मतदार यादीत आपलं नाव शोधताना तो स्वतःच ते ओलांडून दोन ओळी पुढं गेला होता, असं त्याची बायको सांगते. तिच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं, पण उरलेलं निम्मं खरं असतं.

एकविसाव्या वर्षी तो खांब उभे करणाऱ्या टोळीत दोर ओढायला लागला. अकरा वर्षं रोजंदारीवर काढली, मग कायम झाला. आज पन्नाशी उलटून गेलीय. अंगानं काटकुळा, पायानं चपळ, बोलायला कंजूष. मागच्या खिशात पक्कड कायमची. जेवायला बसताना ती काढून ताटाशेजारी ठेवतो, तेव्हा बायको म्हणते, हिला पण वाढू का? कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणी गुपचूप शेगडी लावलीय, कुणाची मोटर रात्रंदिवस चालू आहे, हे शेजाऱ्यांच्या आधी त्याला कळतं. कळतं आणि पोटात राहतं. स्वतःच्या न्हाणीतला दिवा मात्र चार-चार महिने गेलेला असतो. त्यासाठी बायको दुसरा वायरमन बघणार आहे, हे ती पंधरा वर्षं सांगतेय.

पण गावात त्याला जो मान आहे तो या कशासाठी नाही. तो मान आहे अर्ध्या तासासाठी.

त्याचं असं झालं. गाव वर्षभर निम्मं रिकामं असतं. कुणी शहरात, कुणी बंदरावर, कुणी परदेशात. वर्षाच्या सणाला मात्र सगळे येतात. ज्या घरात एक म्हातारी आणि एक मांजर असते तिथं चौदा माणसं होतात. मग माळा लागतात, पंखे फिरतात, मिक्सर घरघरतात, मोटरी उपसतात, आणि शाळेजवळच्या कोपऱ्यात उभी असलेली गावाची एकुलती एक डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूजची पेटी, म्हातारीसारखी धापा टाकायला लागते. बारा वर्षांपूर्वी सणाच्या आदल्या संध्याकाळी ती जळाली. दोन दिवस गाव काळोखात. लांबून आलेली लेकरं घामानं ओले केस आणि वाईट तोंडं घेऊन परत गेली. नवी मोठी डीपी पुढच्या वर्षी येईल असं ऑफिसनं सांगितलं. ते पुढचं वर्ष अजून यायचं आहे.

तेव्हा वायरमननं तोड काढली. गावाच्या आळ्या चार. वरची, खालची, बाजाराची आणि शाळेकडची. प्रत्येक आळीचा फ्यूज वेगळा. सणाच्या आदल्या संध्याकाळी सहा ते आठ सगळ्यात जास्त भार असतो. त्या दोन तासांत एकेका आळीनं अर्धा-अर्धा तास अंधारात बसायचं, म्हणजे उरलेल्या तीन निभावतात. पहिल्या वर्षी लोक खवळले. सणासुदीला अंधार म्हणजे काय! खालच्या आळीतली गिरणीवाली तर पदर खोचून डीपीपाशी आली होती. तिला तो एवढंच म्हणाला, की पहिला अर्धा तास माझ्या आळीचा. माझी आई आधी अंधारात बसेल, मग तुम्ही बसा.

गिरणीवालीनं खोचलेला पदर सोडला आणि ती घरी गेली.

आणि गंमत अशी, की दोन-तीन वर्षांत त्या अर्ध्या तासाची लोकांना गोडी लागली. दिवे गेले की माणसं घराबाहेर येऊन पायरीवर बसू लागली. वर्षभराचे अबोले त्या अंधारात सुटले, कारण तोंड दिसत नसलं की "कसा आहेस" म्हणायला जड जात नाही. प्रत्येक घरानं आपापला रिवाज पाडला. गिरणीवालीच्या घरी गाण्याच्या भेंड्या. खालच्या आळीतल्या टेलरच्या घरी कपड्यांच्या चिंध्या हातात देऊन कापड ओळखायला लावतात. टेलरची सून लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला अकरापैकी दहा बरोबर सांगून सासऱ्याच्या मर्जीत बसली ती बसलीच. आणि वायरमनच्या घरी हात ओळखायचे. सगळ्यांनी मधे हात धरायचे आणि म्हातारीनं चाचपून सांगायचं, हा कुणाचा. तिच्या डोळ्यांत तेव्हाच पडदा वाढत होता, पण हात एकही चुकत नसे. "हा जावयाचा. कामाला न लावलेला हात लगेच कळतो." सगळं घर हसायचं.

यात वायरमन स्वतः कधीच नव्हता. तो त्या दोन तासांत डीपीपाशी. एक फ्यूज काढ, दुसरा घाल. घड्याळ हातात आणि नजर काट्यावर. सहा म्हणजे सहा, साडेसहा म्हणजे साडेसहा. लोक त्याच्या अर्ध्या तासावर दूध तापत ठेवायचे.

तर, ही झाली बारा वर्षांची पुण्याई. आता ती एका संध्याकाळी कशी गेली ते.

त्याचा धाकटा भाऊ सात वर्षं परदेशात. सात वर्षांत घरी येणं नाही, दर सणाला "पुढच्या वर्षी नक्की." डीपीसारखंच. या वर्षी त्यानं शहरातल्या दुकानातून आईसाठी मोठा टीव्ही पाठवला. आईच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, आणि टीव्हीवर फोन जोडला की माणूस दाराएवढा दिसतो. धाकट्यानं सांगून ठेवलं, "दादा, सहा ते सात एवढाच वेळ माझ्या हातात आहे. मग मला कामावर जायचंय. आईला नीट बघू दे मला. तेवढी लाईट सांभाळ, म्हणजे काय, तुझ्याच हातात आहे म्हणा."

हसत म्हणाला तो. वायरमनला मात्र त्या दिवसापासून घास गोड लागेना. सहा ते साडेसहा म्हणजे वरच्या, त्याच्याच आळीचा अर्धा तास.

उपाय सोपा होता. चारचौघांना सांगायचं, की बाबांनो, या वर्षी माझ्या आळीचा अर्धा तास शेवटी घेतो, घरी असं असं आहे. गावानं हसत "हो" म्हटलं असतं. गिरणीवालीनं तर वर चार शब्द ऐकवले असते, की म्हातारीला सात वर्षांनी लेक दिसणार आणि विचारत कसले बसलात. मागितलं असतं तर मिळालं असतं. पण मागायचं कसं? बारा वर्षं ज्यानं "आधी माझ्या घरात" म्हणून मान ताठ ठेवली, त्याला "या वर्षी जरा मला" हे शब्द तोंडातून निघेनात. तो दोनदा टेलरच्या दुकानापर्यंत जाऊन परत आला. एकदा पानाची चौकशी करून, एकदा पावसाची. टेलर पानही खात नाही, आणि पावसाला सहा महिने होते.

बायकोनं रस्ता दाखवला, की एक वर्ष गुपचूप केलं तर कुणाला कळणार आहे? वरची आळी टेकाडाच्या मागं. तिथं दिवे आहेत की नाहीत ते बाकीच्या आळ्यांना दिसतं थोडंच? तिनं हे भाजी निवडता निवडता म्हटलं. भाजीच्या देठासारखं टाकून दिलं. यानं उचललं.

त्यानं मनाशी हिशेब मांडला तो असा. सहाला खालच्या आळीचा फ्यूज काढायचा. त्यांना वाटेल, या वर्षी आपला नंबर आधी लागला. साडेसहाला घालायचा नाही, सातला घालायचा. कुणी विचारलंच तर खांबावरचा जोड सुटला होता म्हणायचं. पाळी बदलली तर लोक का म्हणून विचारतात, बिघाड झाला तर कोण विचारतं? आणि आपल्या आळीला सांगायचं, की या वर्षी भार कमी आहे, आपल्याला सूट.

सहाच्या ठोक्याला त्यानं खालच्या आळीचा फ्यूज ओढला. दिवस लहान झालेले, काळोख पडलेला. नेहमी तो फ्यूज पेटीच्या फळीवर ठेवून तिथंच उभा राहायचा. त्या दिवशी खिशात टाकला, पेटीला कुलूप लावलं आणि घरी आला. चिनीमातीचा तो पांढरा ठोकळा मांडीला गार लागत होता.

घरात जत्रा होती. लेक, जावई, नातवंडं, शेजारचे दोघे-तिघे. टीव्हीवर धाकटा, खरोखरच दाराएवढा. आई समोर पाटावर. त्याचे केस पांढरे झालेले तिला पहिल्यांदा दिसले. मग म्हणाली, तेल लावत नाहीस. तो हसला, त्याचे डोळे भरले, लेकीनं पदर डोळ्याला लावला. मधेच चित्र अडकलं, आवाज गेला, पुन्हा लागला. सगळं कसं हवं तसं चाललं होतं. आणि वायरमन दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

साडेसहा झाले. आईनं आजूबाजूला पाहिलं, दिव्याकडं पाहिलं. मग टीव्हीतल्या धाकट्यानंच विचारलं, "दादा, आपला सहाचा अर्धा तास अजून कसा झाला नाही? मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, आता अंधार होईल आणि आमची आई हात ओळखेल म्हणून."

"या वर्षी आपल्या आळीला सूट आहे," वायरमन म्हणाला.

आईनं मान वळवली. नव्या डोळ्यानं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"सूट कुणी दिली?"

तो म्हणाला, भार कमी आहे. तिनं त्याचा हात हातात घेतला, जरा दाबला आणि सोडून दिला. "घाम आलाय तुझ्या हाताला," एवढंच म्हणून ती पुन्हा टीव्हीकडं वळली. पण त्यानंतर धाकट्याशी बोलताना तिचं लक्ष नव्हतं. ज्याच्यासाठी एवढं केलं तेच त्याच्या डोळ्यांदेखत उतरून गेलं.

सातला डीपीकडं निघायचं होतं. तेवढ्यात फोन पुन्हा तुटला, धाकटा दिसेनासा झाला, जावयानं चार बटणं दाबली, लेक जावयावर चिडली, आणि पुन्हा तो दिसेपर्यंत सव्वासात झाले. धाकट्यानं आज अर्धा तास उशिरा जातो म्हणून सांगितलं. त्याच्यासमोरून निघायचं तरी कसं? साडेसातला वायरमनचा फोन वाजला. टेलर होता.

टेलरनं रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो अजिजीनं म्हणाला, "वायरमन, सणाच्या वेळी तुम्हाला त्रास देतोय. तुमची वेळ कधी चुकत नाही. म्हणजे मोठंच काही झालं असणार."

"खांबावरचा जोड सुटलाय," याच्या तोंडून निघालं. दोन दिवस घोकलेलं वाक्य. "येतोय मी."

खालच्या आळीच्या तोंडाशी पोचला तेव्हा त्याला वाटलं होतं, दोघे-तिघे असतील, अंधारात काहीतरी खुडबुड करून सुटू. तिथं सगळी आळी उभी. शिडी आणून खांबाला लावलेली, पाय घसरू नये म्हणून खाली पोतं अंथरलेलं. सात-आठ जणांच्या हातात बॅटऱ्या. गिरणीवाली स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवून बसलेली. शहरातून आलेल्या पोरांना कुणीतरी समजावत होतं, की हा माणूस सणासुदीला ताटावरून उठून आलाय, दंगा करू नका. शिडीचे दोन्ही पाय टेलरनं धरले होते. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली, चिंधी लाल झालेली.

वायरमननं विचारलं, हे काय? टेलर म्हणाला, काही नाही, सुई गेली. सणाचे कपडे राहिलेत अकरा जणांचे. साडेसहाला लाईट येईल म्हणून थांबलो. नाही आली तेव्हा म्हटलं, बॅटरी दातात धरून पायमशीन मारू. "अंधारात सुई आणि माणूस दोघंही आंधळे," असं म्हणून तो हसला. "चढा तुम्ही. मी धरलीय."

मग तो चढला. तीस वर्षं खांब चढलेला माणूस, पण त्या दिवशी त्या दहा पायऱ्या त्याला सरता सरेनात. खिशात खालच्या आळीचा फ्यूज. वर जोड घट्ट, ठणठणीत, त्यानंच चार महिन्यांपूर्वी बसवलेला. खालून सगळ्यांच्या बॅटऱ्या त्याच्या हातांवर. काम नीट दिसावं म्हणून एकानं दुसऱ्याला बॅटरी जरा डावीकडं धरायला सांगितली. त्यानं पक्कड काढली आणि न सुटलेला जोड आवळायला लागला.

वरून टेकाडापलीकडचं दिसत होतं. त्याची आळी माळांनी लखलखत होती. त्याच्या घराची खिडकी, टीव्हीचा निळा उजेड, आईच्या डोक्याची सावली. त्या वेळेला त्यात कुणाला काही चुकीचं दिसलं नसतं. साडेसातला वरच्या आळीत दिवे असायचेच. त्याला मात्र चुकीचं दिसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं लोक जमिनीवर उभे राहून म्हणतात. खांबावर, इतक्या बॅटऱ्यांच्या उजेडात, ते फार वेगळं असतं. खालून गिरणीवाली ओरडली, की सावकाश करा, घाई नाही, आम्ही काय, बसलोय. ते ऐकून त्याच्या हातातली पक्कड निसटली आणि पोत्यावर पडली. टेलरनं ती उचलून दुखऱ्या हातानं वर दिली.

सांगून टाकावं असं त्याला वाटलं. तोंड उघडलंही. निघालं ते एवढंच, की झालं बहुतेक.

उतरला. डीपीवर जाऊन चालू करतो, तुम्ही इथंच थांबा, असं म्हणाला. एक-दोघं बॅटरी घेऊन बरोबर निघाली, त्यांना त्यानं जवळजवळ खेकसून मागं पाठवलं. डीपीपाशी एकटा गेला, कुलूप काढलं, खिशातून फ्यूज काढून बसवला. तो आता गार नव्हता. त्याच्या अंगाइतका गरम झाला होता. खालच्या आळीतून एकदम गलका उठला. आनंदाचा. पोरं त्याच्या नावानं ओरडत होती, म्हणजे "वायरमन, वायरमन" असंच.

परत गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, शिडी जागेवर ठेवायची होती. त्याला चहा मिळाला. त्यानं तो प्यायला. गिरणीवालीनं दोन खुर्च्यांतली धड खुर्ची त्याला दिली. तो त्या खुर्चीवर बसला. हे त्याला नंतर फार दिवस आठवत राहिलं, की तो बसला, आणि चहात साखर जरा कमी आहे असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

बाजाराच्या आणि शाळेकडच्या आळीचा अर्धा तास त्या वर्षी झालाच नाही. शाळेकडची पोरं अंधारासाठी रडत होती म्हणे. आठ वाजता, भार उतरला असताना, काही गरज नसताना, त्यानं वरच्या आळीचा फ्यूज काढला आणि तासभर डीपीपाशी उभा राहिला. घरी सगळी ताटावर बसलेली. नऊला गेला तेव्हा बायको म्हणाली, हे काय आणखी नवीन? अंधारात आई सगळ्यांचे हात ओळखून बसली होती.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. चोरी पकडली गेली असती तर एकदाचं झालं असतं. इथं चोराला चहा पाजून सोडून दिलं होतं.

सणाच्या दिवशी सकाळी गाव नटूनथटून एकमेकांच्या घरी जात असताना तो कालचेच कपडे घालून टेलरच्या दुकानात गेला. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक मशीन, एक फळी, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले अर्धे कपडे. टेलर पहाटेपासून बसलेला दिसत होता. बोटावरची चिंधी बदललेली. शिवण झाली होती, बटणं आणि हूक राहिले होते. सून आत पाहुण्यांच्या स्वयंपाकात होती. आदल्या रात्री उशिरा येऊन लोक परत गेले होते. दुपारच्या आत कपडे द्यायचे होते.

वायरमन उंबऱ्यातच उभा राहिला आणि त्यानं सांगून टाकलं. आडवळण न घेता. जोड सुटला नव्हता. फ्यूज माझ्या खिशात होता. भावाचा फोन यायचा होता म्हणून तुमच्या आळीचा वेळ मी घेतला. वर चढलो ते नाटक होतं.

टेलरनं मशीनचा पाय थांबवला नाही. शिवण संपवली, दोरा तोडला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

वायरमनला कळेना.

"शिडी धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय येतं? खिसा येतो. तुम्ही उतरताना खिसा फुगलेला होता, आणि वरून पांढरं टोक दिसत होतं. बारा वर्षं बघतोय मी तो फ्यूज."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"माणूस शिडीवर असताना काही बोलायचं नसतं. पडतो." टेलरनं दुसरा कपडा ओढला. "आणि उतरल्यावर तुम्ही बोलाल असं वाटलं. तुम्ही चहा प्यालात."

वायरमनची नजर जमिनीवरून उठेना. त्याला वाटलं होतं टेलर चिडेल, नाहीतर जाऊ द्या म्हणेल. टेलरनं दोन्ही केलं नाही. शेवटी तो म्हणाला, की पुढच्या सणापासून खालच्या आळीचे दोन जण डीपीपाशी तुमच्या शेजारी उभे राहतील, घड्याळ घेऊन.

"माझ्यावर विश्वास नाही म्हणून ना?"

टेलर "तसं नाही" म्हणायच्या बेतात होता, ते दिसलं. पण तो थांबला. "हो," म्हणाला, "म्हणूनच."

वायरमननं मान हलवली. जायला वळला आणि जाईना. कपड्यांकडं बघत म्हणाला, "मी काही करू का?"

टेलरनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग बटणांचा डबा आणि एक सदरा पुढं सरकवला. "सुईत दोरा ओवता येतो?"

"तार येते ओवता."

"सोपं आहे मग. आत उजेड कमी पडेल तुम्हाला, बाहेर पायरीवर बसा."

पायरीवर! सणाच्या सकाळी, भर आळीत! वायरमन पायरीवर बसला. दोरा ओवायला त्याला सात वेळा थुंकी लावावी लागली. पहिलं बटण लागतंय न लागतंय तोच गिरणीवाली नवं लुगडं नेसून जाताना थबकली. म्हणाली, "काय वायरमन, विजेचं खातं सोडलं की काय?"

त्यानं वळून आत पाहिलं. टेलरचं डोकं मशीनवर खाली गेलेलं होतं. तो काही मदतीला येणार नव्हता. मग त्यानं सुई सदऱ्यात टोचून ठेवली आणि तिला सांगितलं. तेच सगळं, पहिल्यापासून. सांगताना त्याचे कान तापले. एरवी जिभेला हाड नसलेली ती बाई पदर सावरत राहिली. मग हळूच म्हणाली, "काल मी तुम्हाला चहा दिला की हो." आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर त्या पुसून टाकता आल्या असत्या.

मग येणारा-जाणारा थांबू लागला. वायरमन बटणं लावतोय हे काही रोज दिसत नाही. त्यानं प्रत्येकाला सांगितलं. वाटलं होतं, दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल, तिसऱ्यांदा आणखी सोपं. तसं काही होत नाही. शहरातून आलेला एक तरुण म्हणाला, "एवढंच ना काका, त्यात काय?" ते तर सगळ्यात जास्त लागलं. एक जण काही न बोलता थुंकून गेला, ते त्यामानानं बरं वाटलं. बायको नातवंडांना घेऊन आळीच्या टोकापर्यंत आली, त्याला पायरीवर पाहिलं, समजली आणि तिथूनच मागं फिरली. पाचव्या बटणापर्यंत बोटाला चार भोकं पडली होती. त्याबद्दल त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

उन्हं पायरीवर आली तेव्हा काठी टेकत आळीतले पेन्शनर आजोबा आले. दोन्ही कानांनी ठार बहिरे. त्यांनी काठीनंच सदऱ्याकडं खूण करून विचारलं, हे काय चाललंय? वायरमननं सांगितलं. आजोबांनी कानामागं हात धरला. त्यानं जरा मोठ्यानं सांगितलं. आजोबा म्हणाले, "कसली लाईट? नीट बोल की, तोंडातल्या तोंडात काय?"

आळीत माणसं होती. दारांत, ओट्यांवर, नव्या कपड्यांत. गाणी थांबवून दोन-तीन घरांतली माणसं बघायला लागली होती. वायरमन उठून उभा राहिला. पोटातून आवाज काढून म्हणाला, की काल तुमची लाईट बिघडली नव्हती. मी बंद ठेवली होती. माझ्या घरासाठी.

आजोबांना या वेळी ऐकू गेलं. त्यांनी त्याच्याकडं बघत बराच वेळ तोंड हलवलं, जसं काही ते वाक्य चावून बघत होते.

"मग आता?"

"आता बटणं लावतोय," वायरमन ओरडून म्हणाला आणि खाली बसला.

आतून टेलरचा हात आला. त्यानं सदरा उचलून उजेडाकडं धरला, शेवटचं बटण ओढून पाहिलं आणि परत त्याच्या मांडीवर टाकला.

"चार भोकांचं आहे ते. दोनच शिवलीत."

त्यानं दोरा तोडला आणि पुन्हा सुरुवात केली.